नुंगंबाक्कमची सिल्विया

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात हवामान खात्याच्या प्रादेशिक केंद्राच्या आवारात ग्रॅनाइटचा पंधरा फुटी खांब उभा आहे. त्यावर एकाहून अधिक भाषांत लेख कोरलेला आहे, त्यात तमिळ आणि तेलुगूही आहेत, आणि साल आहे 1792. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास वेधशाळेचा हा अवशेष. तारा मध्यमंडलावरून, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवरून, नेमका कधी सरकतो हे मोजणारी छोटी दुर्बीण या खांबावर बसवलेली असे. दुर्बीण केसभर हलली तरी वेळ चुकणार आणि वेळ चुकली की ताऱ्याची जागाही चुकणार, म्हणून एवढा जड दगड. वेधशाळेचं काम 1899 मध्ये कोडईकनालला गेलं, खांब मात्र जागेवरच राहिला. दिवाळी अंकासाठी ‘दूरचे शेजारी’ असा विषय संपादकांकडून आला तेव्हा मंगळ किंवा चंद्रावर लिहिणं सोपं होतं. पण भारतीय भूमीवरून पहिल्यांदा दिसलेला, सूर्यापासून सरासरी 52 कोटी किलोमीटरवरून फिरणारा एक शेजारी आपल्याकडे जवळपास अपरिचित आहे. त्याचं नाव 87 सिल्विया.

लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला, गुरूच्या दिशेने, सिल्विया साडेसहा वर्षांत सूर्याभोवती एक फेरी घेते. 16 मे 1866 रोजी मद्रासहून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन पॉग्सनला ती दिसली तेव्हा ती ताऱ्यांच्या गर्दीतला एक अंधुक ठिपका होती. आज तिचा आकार, तिचं वजन, तिचे दोन चंद्र आणि तिच्या पोटात काय असावं याचा अंदाज, एवढं सगळं ठाऊक आहे. हे ज्ञान त्या एका रात्रीच्या शोधातून आलेलं नाही. ‘अमुक वेळेला अमुक जागी दिसली’ अशा साध्या, कंटाळवाण्या, पण नेमक्या नोंदी दीडशे वर्षं साठत गेल्या आणि त्यांतून ते उभं राहिलं. म्हणूनच मोठ्या दुर्बिणींच्या काळातही अशा नोंदी करणाऱ्या छोट्या निरीक्षकांचं काम संपलेलं नाही. उलट काही मोजमापं फक्त त्यांनाच जमतात. हे माझं ठाम मत आहे आणि सिल्विया हा त्याचा सर्वांत चांगला पुरावा आहे.

नकाशात नसलेला तारा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लघुग्रह शोधण्याची पद्धत समजून घेतली, तर पॉग्सनच्या कामाची जात कळते. फोटोग्राफी अजून या कामात आलेली नव्हती. आकाशाच्या एका तुकड्यातले अंधुक तारे आधी कागदावर उतरवून घ्यायचे. मग त्या नकाशाशी दुर्बिणीतलं दृश्य ताऱ्यागणिक ताडून पाहायचं. नकाशात नसलेला ठिपका दिसला की त्याची जागा शेजारच्या ताऱ्यांपासून मोजायची आणि पुढच्या रात्री पुन्हा तिथेच यायचं. ठिपका जागचा हलला असेल तर तो सूर्यमालेतला. हलला नसेल तर नकाशा करणाऱ्याने एक तारा सोडला होता, किंवा तो तारा तेज बदलणारा होता आणि नकाशा करताना मंद पडला होता. म्हणजे लघुग्रह सापडायचा तर आधी तारे पाठ हवेत. पॉग्सनला रूपविकारी ताऱ्यांचा, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांचा, जन्मभराचा ध्यास होता. त्यामुळे आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यात कोण नवखा आहे हे त्याला इतरांपेक्षा लवकर कळे.

त्याचा आणखी एक ठसा प्रत्येक खगोलप्रेमीच्या तोंडी आहे, फक्त त्याचं नाव घेतलं जात नाही. ताऱ्यांच्या तेजाची ‘प्रत’ मोजताना पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभरपट तेज, म्हणून एका प्रतीचा फरक 2.512 पट, हे प्रमाण त्याने 1856 मध्ये सुचवलं. तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता आणि हे सूत्र त्याने मांडलं ते लघुग्रहांसाठीच. पुढच्या वर्षी प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला 36 लघुग्रह किती तेजस्वी दिसतील, याचा तक्ता त्याला करायचा होता. आज दूरवरच्या दीर्घिकांचं तेज सांगतानाही जी पट्टी वापरतात, ती लघुग्रहांच्या हिशेबाच्या गरजेतून निघाली.

1861 मध्ये पॉग्सन मद्रासला शासकीय खगोलशास्त्रज्ञ म्हणून आला आणि 1891 मध्ये तिथेच वारला. आल्या वर्षीच, एप्रिलमध्ये, त्याला 67 एशिया सापडला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिला लघुग्रह. मग 1864 मध्ये सॅफो, 1866 मध्ये सिल्विया, 1868 मध्ये कॅमिला आणि बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर 1885 मध्ये व्हेरा. या पाचांपैकी सिल्विया, कॅमिला आणि व्हेरा हे तिघे बाहेरच्या पट्ट्यातले. त्यातही सिल्विया आणि कॅमिला यांच्या कक्षा सूर्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. हे दोन दगड दूरचे आणि काळपट. त्यांच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी शंभरातला चार-पाच भागच परत फिरतो. काही इंच व्यासाच्या भिंगातून, समुद्रकाठच्या दमट हवेत ते वेचून काढणं हे साधं काम नव्हतं.

खांबाभोवतीची माणसं

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. वेधशाळा कंपनीची, मग ब्रिटिश सरकारची. तिचा उद्देश जहाजांना रेखांश आणि राज्यकारभाराला वेळ पुरवणं. शोध लावणारा इंग्रज, नाव रोमन पुराणातलं. यात भारताचं काय, की आपण तो मिरवावा?

मिरवू नये, हे मला मान्य आहे. पण नाकारूही नये. वेधशाळेतलं रोजचं काम एकट्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हातून होत नव्हतं. मध्यमंडलावरून सरकणाऱ्या ताऱ्यांची वेळ रात्रीमागून रात्री टिपणारे, आकडेमोड करून त्यांच्या जागा काढणारे साहाय्यक होते. त्यातलं ठळक नाव चिंतामणी रघुनाथाचारी यांचं. 1867 मध्ये, सिल्वियाच्या दुसऱ्याच वर्षी, त्यांना दक्षिण आकाशातल्या आर रेटिक्युली या ताऱ्याचं तेज बदलतं हे आढळलं. 1874 मध्ये शुक्राचं अधिक्रमण होणार होतं, तेव्हा ते नेमकं काय असतं हे सामान्य माणसाला कळावं म्हणून त्यांनी भारतीय भाषांत पुस्तिका काढल्या. इंग्रजांच्या वेधशाळेतली नोकरी करत असताना आपल्या माणसांना आकाश समजावून सांगणं ही त्यांची स्वतःची निवड होती. पॉग्सनची मुलगी आयसिस हीदेखील पुढे याच वेधशाळेत गणनाचं काम करत होती. लघुग्रहाच्या नोंदीत नाव एकाचंच लागतं. ज्या ताऱ्यांच्या जागांवर तो शोध टेकलेला असतो, त्या मोजणारे मात्र अनेक असतात.

याच वेधशाळेचं एक अपयशही सांगायला हवं, कारण माझ्या मुद्द्याची ती दुसरी बाजू आहे. पॉग्सनने वेध घेतले, पण ते वेळेवर छापले नाहीत. त्याच्या हयातीत यासाठी त्याच्यावर टीका झाली आणि मध्यमंडलाच्या वेधांचे शेवटचे खंड त्याच्या पश्चात मिची स्मिथ या उत्तराधिकाऱ्याला पुरे करावे लागले. वहीत पडून राहिलेला वेध दुसऱ्या कुणाच्या गणितात उतरत नाही. लघुग्रहांच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. एका ठिकाणच्या दोन-चार रात्रींच्या नोंदींवरून कक्षा कामचलाऊच निघते. ती पक्की व्हायला पुढच्या फेऱ्यांतल्या, दुसऱ्या देशांतल्या, दुसऱ्या निरीक्षकांच्या नोंदी लागतात. त्या नसतील तर सापडलेला लघुग्रह पुन्हा हरवतो.

रिकामी जागा आणि तिच्या पलीकडचे

सिल्विया सापडली त्याच वर्षी अमेरिकेत डॅनियल कर्कवुडने एक विलक्षण गोष्ट मांडली. तेव्हा ठाऊक असलेले लघुग्रह सत्त्याऐंशीच्या आसपास. त्यांची सूर्यापासूनची सरासरी अंतरं ओळीने मांडली, तर काही अंतरं मोकळी दिसतात. जिथे लघुग्रहाच्या फेरीचा काळ गुरूच्या फेरीच्या काळाशी साध्या पूर्णांकी प्रमाणात येतो, नेमकी तीच अंतरं मोकळी. गुरूच्या एका फेरीत लघुग्रहाच्या दोन फेऱ्या होत असतील, तर दोघं पुन्हापुन्हा ठरावीक जागी समोरासमोर येतात, गुरूची ओढ दर वेळी एकाच दिशेने साचत जाते आणि कक्षा हळूहळू बिघडते. हे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे 3.27 पट. मुख्य पट्ट्याची दाट वस्ती इथे संपते. सिल्विया आणि कॅमिला या रिकाम्या जागेच्याही पलीकडे, 3.48 आणि 3.49 पटींवर आहेत. तिथे वस्ती विरळ आहे.

कर्कवुडच्या हातात दुर्बीण नव्हती, यादी होती. जगभरच्या वेधशाळांनी मोजलेल्या अंतरांची यादी. ती आणखी कच्ची असती तर त्या मोकळ्या जागा चुकांच्या गर्दीत बुजून गेल्या असत्या. आज चौदा लाखांहून जास्त लघुग्रह नोंदले गेले आहेत आणि कर्कवुडच्या त्या मोकळ्या जागा अजून मोकळ्याच आहेत.

वजन कसं करायचं

सिल्वियाचा खरा मान तिच्या चंद्रांमुळे वाढला. फेब्रुवारी 2001 मध्ये मायकेल ब्राउन आणि जाँ-लुक मार्गो यांनी हवाईतल्या दहा मीटरच्या केक दुर्बिणीतून तिच्याजवळ एक चंद्र पाहिला. 2004 मध्ये चिलीतल्या पारानालच्या सव्वाआठ मीटरच्या दुर्बिणीतून फ्रँक मार्शी आणि त्याच्या फ्रेंच सहकाऱ्यांना दुसरा, आणखी जवळचा चंद्र सापडला. दोन चंद्र असलेला लघुग्रह तोवर कुणी पाहिला नव्हता. पॉग्सनने दिलेलं नाव रिया सिल्वियाचं, रोम वसवणाऱ्या जुळ्यांच्या आईचं. त्यामुळे चंद्रांना रोम्युलस आणि रेमस ही नावं मिळाली. 1866 मध्ये ठेवलेल्या नावाला 2005 मध्ये अशी जोड मिळावी, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

चंद्र मिळाला की वजन करता येतं. रोम्युलस सिल्वियापासून सुमारे 1,360 किलोमीटरवरून सुमारे 88 तासांत एक फेरी मारतो. रेमस सुमारे 710 किलोमीटरवरून 33 तासांत. अंतर आणि वेळ हे दोनच आकडे केप्लरच्या तिसऱ्या नियमात घातले की मधल्या दगडाचं वस्तुमान हातात येतं. पण हे दोन आकडे मिळवणं अतिशय कष्टाचं आहे. आकाशात रोम्युलस आणि सिल्विया यांच्यातलं अंतर एका अंशाच्या 3,600व्या भागाइतकंही भरत नाही आणि सिल्वियाच्या तेजापुढे चंद्र अगदीच फिकट. हवेच्या थरथरीने प्रतिमा पसरते, म्हणून दुर्बिणीतला एक आरसा सेकंदात शेकडो वेळा सूक्ष्मपणे वाकवून ती थरथर कापावी लागते. मग काही रात्री, काही महिने, काही वर्षं त्या ठिपक्याच्या जागा मोजत राहायचं. साधनं बदलली, काम तेच राहिलं. शेजारच्या तेजापासून ठिपका किती दूर आणि किती वाजता.

वस्तुमान कळलं, आकारमान कळलं, की घनता निघते. सिल्विया लांबट आहे, तिची सर्वांत मोठी लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या वर आणि गोल करून मोजली तर व्यास सुमारे 270 किलोमीटर. ती स्वतःभोवती फक्त पाच तास अकरा मिनिटांत फिरते. घनता भरते पाण्याच्या दीडपटीहूनही कमी. नेहमीच्या खडकाची घनता पाण्याच्या अडीच-तीन पट असते. एवढ्या मोठ्या दगडाचं वजन इतकं कमी कसं? 2005 मध्ये उत्तर आलं की सिल्विया हा एकसंध खडक नाही. जुन्या भीषण टकरीत फुटलेल्या तुकड्यांचा, आपल्याच ओढीने पुन्हा गोळा झालेला हा ढीग आहे आणि त्यात पोकळ्या भरपूर. चंद्र हे त्याच टकरीतून उडालेलं साहित्य.

पुढच्या मोजमापांनी हे चित्र बदललं आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा बदल. 2021 मध्ये बेनुआ कारी आणि सहकाऱ्यांनी पारानालच्या नव्या प्रतिमा आणि चंद्रांच्या साऱ्या नोंदी एकत्र तपासल्या. इतक्या लांबट दगडाच्या पोटात सगळीकडे सारखंच द्रव्य असेल, तर त्याच्या ओढीत असमतोल असणार आणि चंद्रांच्या कक्षा हळूहळू वळत जाणार. तसं वळण दिसत नाही. सगळं वस्तुमान मधोमध असावं, अशाच साध्या कक्षांवर चंद्र फिरतात. याचा अर्थ, आत जड गाभा आणि बाहेर हलका, सच्छिद्र थर. त्यामागचं कारण असं मांडलं जातं: सूर्यमालेच्या बालपणी किरणोत्सारी द्रव्याच्या उष्णतेने आतला बर्फ वितळला, पाणी झिरपलं आणि आतला भाग दाट होत गेला. बाहेरचा थर कधी तेवढा तापलाच नाही.

सिल्वियाचा वर्णपट तांबूस-काळपट आहे. धूमकेतूंच्या कोरड्या धुळीशी तो जुळतो. म्हणून बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत असं, की अशा वर्णपटाच्या लघुग्रहांची जात मुळात पट्ट्यात जन्मलेलीच नाही. ती नेपच्यूनच्याही पलीकडे जन्मली आणि मोठ्या ग्रहांच्या कक्षा सरकल्या त्या धुमश्चक्रीत आत ढकलली गेली. हे अजून सिद्धान्ताच्याच पातळीवर आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सिल्वियाकडे कोणतंही यान गेलेलं नाही. 2021 मध्ये निघालेलं नासाचं ल्युसी यान 2033 मध्ये गुरूच्या कक्षेतल्या पॅट्रोक्लस आणि मेनीटियस या जोडगोळीजवळून जाईल. ते सिल्वियाच्याच वर्णपटाच्या जातीचे मानले जातात. तोवर या जातीच्या पोटाबद्दल जे कळलं आहे, त्यात मद्रासच्या लेकीचा वाटा मोठा आहे. कॅमिलाचाही. तिलाही आता दोन चंद्र माहीत आहेत. पहिला 2001 मध्ये हबल दुर्बिणीने दाखवला, दुसरा 2016 मध्ये जाहीर झाला. तिची घनताही सिल्वियासारखीच कमी आहे.

सावलीत उभं राहणारी माणसं

आता मुख्य आक्षेप. केक आणि पारानालसारख्या दुर्बिणी असताना, चिलीतली व्हेरा रुबिन वेधशाळा दक्षिणेकडचं आकाश पुन्हापुन्हा टिपू लागली असताना, आठ-दहा इंची दुर्बीण घेऊन गच्चीवर बसणाऱ्या हौशी माणसाने लघुग्रहांसाठी काय करायचं राहिलं? नवे लघुग्रह शोधण्याच्या बाबतीत हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. ती शर्यत यंत्रांनी जिंकली आहे. पण मोजमापाचा एक प्रकार असा आहे, की जगातली सर्वांत मोठी दुर्बीणही तिथे हतबल ठरते, कारण ती जागची हलू शकत नाही.

लघुग्रह एखाद्या ताऱ्यावरून सरकतो तेव्हा त्या ताऱ्याच्या उजेडात त्याची सावली पृथ्वीवरून धावते. याला पिधान म्हणतात. सावलीचा पट्टा लघुग्रहाएवढाच रुंद असतो. सिल्वियाची सावली महाराष्ट्रावर पूर्व-पश्चिम पडली, तर ती साधारण नाशिकपासून साताऱ्यापर्यंतची पट्टी झाकेल. त्या पट्टीत जो उभा असेल त्याला तारा काही सेकंद विझलेला दिसेल. मधोमध असणाऱ्याला जास्त वेळ, कडेला असणाऱ्याला कमी. प्रत्येकाच्या सेकंदांना सावलीच्या वेगाने गुणलं की लघुग्रहाच्या छेदाची एकेक रेषा मिळते आणि दहा-बारा रेषा एकमेकींखाली मांडल्या की त्याची बाह्यरेखा काही किलोमीटरच्या अचूकतेने कागदावर उतरते. 52 कोटी किलोमीटरवरच्या दगडाची!

हे नुसतं तत्त्व नाही. 6 जानेवारी 2013 रोजी दक्षिण युरोपात सिल्वियाचं पिधान होतं. सुमारे पन्नास निरीक्षक, त्यात बरेच हौशी, पट्ट्यात आणि पट्ट्याच्या कडेला आपापल्या दुर्बिणी लावून बसले. अनेकांना सिल्वियाने तारा झाकलेला दिसला आणि चौघांना रोम्युलसनेही तो झाकलेला दिसला, जेमतेम दोन सेकंद. रोम्युलसचा आकार त्या दोन सेकंदांतून मोजला गेला. तो आधीच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला, चोवीस किलोमीटरच्या आसपास. मोठ्या दुर्बिणींच्या प्रतिमांत रोम्युलस हा केवळ एक ठिपका असतो, त्याची रुंदी त्यांतून मोजता येत नाही.

यावर आणखी एक शंका घेतली जाते. सावली नेमकी कुठून जाणार हे आधी कळत नसेल, तर माणसं वाऱ्यावरच बसवायची का? वीस वर्षांपूर्वी या शंकेत तथ्य होतं. 2013 मध्ये निघालेल्या गायिया यानाने अब्जाहून अधिक ताऱ्यांच्या जागा इतक्या बारकाईने मोजल्या, की आता मोठ्या लघुग्रहांच्या सावलीच्या वाटा पुष्कळ आधी आणि पुष्कळ नेमक्या सांगता येतात. ऑकल्टवॉचरसारखा मोफत प्रोग्राम आपल्या गावावरून कोणत्या रात्री, किती वाजता, कोणत्या ताऱ्याचं पिधान आहे याची यादी देतो. लागतं ते मध्यम आकाराची दुर्बीण, एक कॅमेरा आणि जीपीएसवरून घेतलेली नेमकी वेळ. नुंगंबाक्कमच्या खांबाचं काम आज खिशात मावणारं यंत्र करतं.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी एक तुटलेला धागाही आहे. पुण्यातल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये का. दा. नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली होती. 1912 मध्ये ती बंद झाली आणि तिची वीस इंची परावर्ती दुर्बीण कोडईकनालला गेली, जिथे त्याआधी मद्रासचं काम गेलं होतं. आज पुणे जिल्ह्यात गिरवलीला आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून चालत आली आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत आकाशदर्शनाचे गट आहेत. या गटांचे कार्यक्रम बहुतेक करून दाखवण्याचे असतात: शनीची कडी, चंद्रावरची विवरं, उल्कावर्षाव. त्यातून आवड लागते, आणि ते हवंच. पण आवड लागलेल्या माणसाच्या हाती पुढे मोजण्याचं काम द्यायला हवं. सावलीच्या पट्ट्यात दहा ठिकाणी दहा माणसं बसवायची तर दहा गावं लागतात, आणि गावागावांत माणसं असण्याची ही ताकद कोणत्याही एका वेधशाळेकडे नाही.

म्हणून या गटांना विनंती आहे. येत्या वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत एक तरी पिधान घ्या. तारा विझला तरी नोंद पाठवा आणि विझला नाही तरी पाठवा, कारण ‘इथे विझला नाही’ हीसुद्धा लघुग्रहाची कड ठरवणारी नोंद असते. मात्र ती वहीत ठेवू नका.